समुद्रावरचं विमान कोणाचं?

समुद्रावरचं विमान कोणाचं, यावरून माणसाचे दोन दात पडू शकतात हे मला जव्हारला दवाखाना उघडल्यावर चौथ्याच दिवशी कळलं. साठी ओलांडलेले दोन गृहस्थ दारात उभे होते. एकाने तोंडावर रक्ताने भिजलेला पंचा दाबून धरला होता. दुसऱ्याच्या हातात चहाच्या टपरीवरचा काचेचा ग्लास होता, ग्लासात दूध आणि दुधात दोन दात.

"वरचे आहेत, समोरचे," ग्लासवाले म्हणाले. "पुसले नायत, धुतले नायत. पडले तसे दुधात टाकले. दहा मिनिटं झालीत. बसवा."

"कोणी मारलं यांना?"

"मी."

"कशावरून?"

"समुद्रावर उडणारं विमान नेव्हीचं का एअर फोर्सचं, यावरून."

पंच्याआडून घोगरा आवाज आला. "बघा, अजून नेव्हीचंच म्हणतोय," असं म्हणत ग्लासवाल्यांनी मोकळा हात पुन्हा उगारला. मी जोरात ओरडले तेव्हा कुठे तो हात खाली आला.

एका दाताचं मूळ मोडलं होतं, तो गेला. दुसरा मी हिरडीत बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला आणि तो पुढे बरीच वर्षं टिकला. एवढा वेळ मारणारे गृहस्थ खुर्चीशेजारी उभे राहून मार खाल्लेल्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून होते. मारणाऱ्यांना सगळं जव्हार सार्जंट म्हणत असे. मार खाल्लेल्यांचं नाव धुरी. ते मालवणकडचे, नौदलातून निवृत्त झालेले, आणि वर्षातून एकदा सार्जंटांकडे पाहुणे म्हणून येत. पाहुण्याचे दात पाडणारा यजमान मी तोवर पाहिला नव्हता.

सार्जंट दाभोशाजवळच्या एका पाड्यावरचे. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा जव्हारला शिकला आणि तिथून थेट हवाई दलात भरती झाला. पुढे कित्येक वर्षं तो समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या मोठ्या विमानात रडारच्या पडद्यासमोर बसला. निवृत्तीनंतर ते पुन्हा पाड्यावर आले. त्यांचं मराठी अजब होतं. पाड्यावरचा हेल, शाळेतली मराठी आणि बराकीतली हिंदी त्यात एकत्र नांदत. रागावले की हिंदी वर येई, आणि ते बहुतेक वेळ रागावलेलेच असत.

हात उचलायला त्यांना कारण फार लागत नसे. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी एक जीप टपावर माणसं बसवून घाटाकडे निघाली होती. सार्जंटांनी ती भर रस्त्यात अडवली, किल्ली काढून खिशात टाकली आणि चालकाला खाली ओढून अशी थप्पड मारली की तो भाजीच्या पाट्यांवर जाऊन पडला. मग त्याच्या सोबत्यांनी सार्जंटांना जॅकच्या दांड्याने बडवलं. दुपारी ते माझ्या खुर्चीत येऊन बसले. खालचा ओठ उभा फाटला होता, सदऱ्याची छाती लाल झाली होती.

"टाके घाला," ते म्हणाले. "आणि बाहेर तो ड्रायव्हर बसलाय. त्याच्या दाढेला लागलंय. त्याला पण बघा. मीच आणलाय."

आधी मारायचं आणि मग स्वतः दवाखान्यात घेऊन यायचं, अशी त्यांची पद्धत होती. मी एकदा चिडून विचारलं की, तोंडाने सांगता येत नाही का? त्यावर ते म्हणाले, "बोलायला वेळ लागतो, डॉक्टरबाई. समोरचा ऐकणार, मग विचार करणार, मग उलटं बोलणार. तेवढ्यात माणूस मरतो."

हे ते अगदी सहज, माझ्याकडून ओठाला टाके घालून घेता घेता म्हणाले. मला तेव्हा ती एका भांडखोर माणसाची सबब वाटली.

पावसाळा सरता सरता दाभोशाचा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकहून लोक येतात. खालच्या डोहात उतरतात. दरवर्षी एखादा तरी वर येत नाही. त्या दिवसांत दर रविवारी सार्जंट डोहाकाठच्या खडकावर सागाची काठी घेऊन बसत. पाटी नाही, शिट्टी नाही, "दादा, उतरू नका" नाही. पाण्यात पाय घातला की काठी बसे. एका तरुणाचं मनगटाजवळचं हाड मोडलं. त्याच्या वडिलांनी तक्रार केली, तेव्हा फौजदारासमोर उभं राहून सार्जंट म्हणाले, "हात मोडलाय. जुळेल. बुडाला असता तर काय जुळवलं असतं?" माफी काही मागितली नाही. मुलाच्या वडिलांनी तक्रार मागे घेतली.

ती काठी मीही खाल्ली आहे. नाशिकच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना घेऊन दाभोशाला गेले. आम्ही पोहणार नव्हतो, नुसते पाय सोडून बसलो होतो. पाठीमागून पोटरीवर सपकन काठी बसली. वळून पाहिलं तर सार्जंट. त्यांनी मला ओळखलं होतं, आधीच ओळखलं होतं, आणि ओळखूनच मारलं होतं. "तुम्ही पण, डॉक्टरबाई," एवढंच ते म्हणाले. पुढचे आठ दिवस माझ्या पोटरीवर काळानिळा वळ होता. त्या आठ दिवसांत मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी नाचणीचं पीठ आणून दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.

दोनेक वर्षांनी त्यांची अक्कलदाढ दुखू लागली म्हणून मी जबड्याचा एक्स-रे काढला. पाहते तर खालचा जबडा डाव्या बाजूला कधीतरी आरपार मोडलेला होता आणि वाकडा जुळला होता. इतका वाकडा की हा माणूस इतकी वर्षं भाकरी कशी चावतो याचं मला नवल वाटलं.

"हे कशाने झालं?"

"धुऱ्याने," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. एखाद्याने लग्नातला फोटो दाखवावा तसा तो एक्स-रे हातात धरून त्यांनी मला ती हकीकत सांगितली.

समुद्रावरची टेहळणी आधी हवाई दलाकडे होती. मग ठरलं की हे काम नौदलाने करायचं. विमानं, सुटे भाग, सगळं त्यांच्याकडे जाणार. मधल्या काळात हवाई दलाच्या लोकांनी नौदलाच्या लोकांना शेजारी बसवून काम शिकवायचं होतं. सार्जंटांच्या खुर्चीवर बसायला जो नौसैनिक पाठवला गेला तो धुरी. सार्जंटांचं म्हणणं होतं, "उडतं ते सगळं एअर फोर्सचं. आभाळ एकच आहे. त्याचे तुकडे करून एक याला, एक त्याला दिला तर लढाईच्या दिवशी विमानं एका हातात राहत नाहीत. कमी असलेली वस्तू वाटत फिरायची नसते." धुरींचं म्हणणं वेगळं होतं. जहाजावरच्या कप्तानाला चाळीस मैलांपलीकडचं दिसत नाही. विमान म्हणजे त्याचा डोळा. आपला डोळा कोणी दुसऱ्याच्या खिशात ठेवतं का? आणि ज्याने कधी लाटेत रात्र काढली नाही तो वरून काय बघणार, नुसतं पाणी?

"नुसतं पाणी म्हणाला मला," सार्जंट सांगत होते. "हँगरमध्ये, सगळ्यांसमोर. मी पाना उचलला, हातभर लांब. त्याच्या बरगडीत घातला. दोन तुटल्या, आवाज ऐकला मी. तो खाली पडला. मी समजलो संपलं. तो उठला तो डोकं घेऊनच उठला, माझ्या जबड्याखाली. पुढचं मला आठवत नाय."

दोघांना एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. सार्जंटांचा जबडा तारेने बंद, नळीने पेज. धुरींना श्वास घेतानाही कळ येई. सार्जंटांना बोलता येत नव्हतं म्हणून धुरी मुद्दाम दिवसभर नौदलाची बाजू मांडत राहत. बरे झाल्यावर दोघांना शिक्षा झाली. सार्जंटांच्या बाहीवरची हुद्द्याची एक पट्टी काढून घेतली गेली. ती परत मिळायला सहा वर्षं लागली. शिक्षा संपल्यावर वरिष्ठांनी दोघांना पुन्हा त्याच विमानात, त्याच पडद्यासमोर शेजारशेजारी बसवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," म्हणत त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. "मग उडलो. दाढ काढायची का ठेवायची ते बोला."

धुरी दिवाळीनंतर येत. चार दिवस राहत. रोज सकाळी दोघं बस स्टँडसमोरच्या टपरीवर बसत आणि बाकावर बशा, पेले मांडून लढाई सुरू होई. बशी म्हणजे जहाज, काडेपेटी म्हणजे विमान. हळूहळू भोवती माणसं जमत. शेतावर जाणारे, कचेरीत जाणारे, गाडीची वाट पाहणारे. जव्हारपासून समुद्र पार खाली, पण टपरीवरच्या चहावाल्यालासुद्धा पाणबुडी कशी शोधतात यावर मत होतं. कधी तिसऱ्या, कधी चौथ्या दिवशी बशी फुटे, आणि बशीपाठोपाठ कोणाचं तरी नाक. एकदा धुरींनी सार्जंटांची करंगळी मोडली. एकदा दोघं गटारात पडले आणि तिथेही एकमेकांची गचांडी सोडली नाही. वय झालं तसे ठोसे हळू झाले, पण थांबले नाहीत.

मी याला त्यांची मैत्री समजत होते. म्हातारपणी काही जण पत्ते खेळतात, हे दोघं मारामारी करतात, असं मी पाहुण्यांना हसत सांगायचे. एकच गोष्ट मला समजत नसे. निघताना, बसच्या पायरीवर उभं राहून धुरी दरवेळी एकच विचारत, "काशिनाथ, येतोस खाली?" त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारे जव्हारात तेवढे एकच. सार्जंट दरवेळी मान हलवून नाही म्हणत आणि बस सुटायच्या आत पाठ फिरवून चालू लागत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. धबधब्याच्या वर, पाड्याजवळ, पाणी तपकिरी होऊन शेताच्या बांधाला लागलं होतं. सार्जंट आणि त्यांची बायको ताराकाकी बांधावर उभे होते. वरून काहीतरी काळं वाहत आलं. पाण्याखाली जाई, वर येई, पुन्हा जाई. ताराकाकी म्हणाल्या, लाकूड आहे. शेजारचे दोघं म्हणाले, लाकूड आहे, ओंडका आहे. सार्जंटांनी चपला काढल्या.

"मी म्हटला, अहो, लाकूड हाय," ताराकाकींनी मला नंतर सांगितलं. "दंड धरला त्यांचा. त्यांनी मला मारलं. आजवर कवा मला हात लावला नव्हता, त्या दिवशी कानाखाली मारली. मी चिखलात पडले. उठते तर हे पाण्यात."

पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. त्यांनी तो काळा ठिपका गाठला. तो सागाचा ओंडका होता, मुळांसकट. प्रवाहात तो फिरला आणि बुंधा सार्जंटांच्या छातीवर बसला, मग पुढच्या वळणावर त्याने त्यांना खडकावर दाबलं. शेजाऱ्यांनी दोर टाकून ओढून काढलं तेव्हा उजव्या बाजूच्या बरगड्या आत गेल्या होत्या आणि तोंडातून रक्त येत होतं. ते शुद्धीवर होते. काठावर घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय होतं?" कोणीतरी म्हणालं, लाकूड. त्यावर ते हसले, असं ताराकाकी सांगतात. "बरं झालं," म्हणाले, "बरं झालं, लाकूड होतं."

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात त्यांना आणलं. दोन्हीकडचे रस्ते तुटल्यामुळे पुढे मोठ्या दवाखान्यात नेता येत नव्हतं. दातांची डॉक्टर असूनही मी तिथेच बसून होते. एका फुप्फुसात पाणी भरलं होतं. मी धुरींना फोन केला. मालवणहून निघून, तीन गाड्या बदलून, शेवटचा घाट एका दुधाच्या टेंपोतून आणि रस्ता तुटला होता तिथे पायी चढून ते दुसऱ्या दिवशी पोहोचले. खाटेजवळ उभे राहून त्यांनी आधी एक शिवी दिली. मग विचारलं, "कशासाठी उडी मारलीस, मेल्या?"

"लाट वाटली नाय," सार्जंट म्हणाले.

धुरी खाटेच्या कडेला बसले. मग सार्जंटांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला सांग. मला दम पुरत नाय."

"तूच सांग. इतकी वर्षं मी म्हणतोय, तूच सांग."

मग दोघांनी मिळून सांगितलं, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करत.

वादळ होऊन गेलं होतं. बंदरात परत न आलेल्या मासेमारी होड्या शोधायला विमान पाठवलं होतं. शिक्षा संपल्यानंतरचं दोघांचं ते तिसरं की चौथं उड्डाण. सार्जंटांच्या जबड्याची तार सुटून फार महिने झाले नव्हते. पाचव्या तासाला पडद्यावर एक ठिपका दिसला. दिसला, गेला, दिसला. खवळलेल्या समुद्रात लाटांचे असे शेकडो ठिपके येतात. सार्जंट म्हणाले, लाट आहे. धुरी म्हणाले, लाट परत परत त्याच जागी उगवत नाही. होडी आहे. लाटांच्या मधल्या खळग्यात गेली की दिसेनाशी होते, माथ्यावर आली की दिसते. मी लहानपणापासून अशा होडीत बसलोय.

"मला शिकवत होता," सार्जंट म्हणाले. "माझ्या पडद्यावर. आठ वर्षं मी तो पडदा बघत होतो."

धुरींनी वैमानिकाला सांगायला माइककडे हात नेला. सार्जंटांनी तो हात पकडून पिरगळला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा नाही, तीन वेळा. धुरींनी दुसऱ्या हाताने त्यांचा नुकताच जुळलेला जबडा धरला. विमानाच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही. वैमानिकाने विचारलं, काही दिसतंय का? धुरींचा हात गुडघ्याखाली दाबून धरून सार्जंट माइकमध्ये म्हणाले, "लाट." विमान वळलं.

"दोन दिवसांनी दुसऱ्या होड्यांना ती होडी सापडली," धुरी म्हणाले. "फुटलेली. आम्ही वळलो होतो तिथपासून फार लांब नाही. सहा माणसं होती, त्यांतल्या एकाचं प्रेत मिळालं. त्याने स्वतःला फळीला बांधून घेतलं होतं."

"चौकशी झाली नाही?"

"विचारलं आम्हाला. हा म्हणाला, लाट होती." धुरींनी माझ्याकडे पाहिलं. "मीही म्हणालो, लाट होती. नुकतीच शिक्षा भोगून आलो होतो. पुन्हा विमानात याच्याशी मारामारी केली म्हटल्यावर मला घरी पाठवलं असतं. विमान उतरल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. तेव्हा अजून उजेड होता. दुसरं विमान जाऊ शकलं असतं. मी हाताला पट्टी बांधून घेत बसलो."

होडी याच किनाऱ्यावरची होती, जव्हारच्या खालच्या बाजूची. गावाचं नाव, घरांची नावं धुरींना माहीत होती. म्हणून ते दरवर्षी येत. चल, खाली जाऊन सांगून येऊ, एवढंच म्हणायला येत. आणि ते म्हणायची वेळ आली की सार्जंट विमान कोणाचं हा विषय काढत आणि मग मारामारी होई. वीसपंचवीस वर्षं असं चाललं होतं.

"समुद्र ओळखतो त्याचंच विमान, हे त्या दिवशी याला कळलं," धुरी म्हणाले. "पण कबूल केलं नाही."

सार्जंटांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. पण ते बोलले, एकेक शब्द तोडत. "विमान कोणाचं पण असू दे, धुऱ्या. खुर्ची माझी होती."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. ताराकाकींनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. धुरी खाटेच्या पायाशी उभे होते. ते एकदम पुढे झाले आणि त्यांनी मूठ वळून सार्जंटांच्या छातीवर मारली, त्या मोडलेल्या छातीवर. "आता कोणाला नेऊ मी खाली?" ते ओरडले. "कोणाला नेऊ, मेल्या?" परिचारिका धावत आली. धुरींचा हात ताराकाकींनी धरला, ओढला नाही, नुसता धरून ठेवला. तेव्हा ते थांबले.

धुरी पाड्यावरच राहिले. दिवसकार्य झालं, रस्ता दुरुस्त झाला, आणि एका सकाळी ते माझ्या दवाखान्यात आले. "गाडी चालवता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी दवाखान्याला कुलूप लावलं.

आम्ही घाट उतरलो. दोन तासांनी खारी हवा लागली तसे ते ताठ बसले. गावात विचारत विचारत आम्ही एका घराशी पोहोचलो. सहा घरांपैकी आता एकाच घरात कोणी तेव्हाचं उरलं होतं. ओट्यावर एक म्हातारी सुके बोंबील निवडत बसली होती. तिचा नवरा त्या होडीवर होता. फळीला बांधून घेतलेला तो नव्हे. तिचा नवरा सापडलाच नाही.

धुरी ओट्याखाली उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. कुठेही थांबले नाहीत, कुठेही सार्जंटांवर जास्त टाकलं नाही, स्वतःचं कमी केलं नाही. म्हातारी बोंबील निवडत राहिली. मला वाटलं तिला ऐकू येत नसावं.

सांगून झालं तसं तिने हात पदराला पुसले. खांब धरून उठली. ओट्याच्या कडेला आली. तिची उंची धुरींच्या खांद्याएवढी होती, पण ओट्यावर उभी असल्याने तोंडासमोर तोंड आलं. तिने हात मागे नेला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून धुरींच्या थोबाडीत मारली. त्यांचा चष्मा वाळूत पडला. मी तो उचलायला वाकले.

"दुसरा कुठं हाय?" तिने विचारलं.

"वारला, बाय. पंधरा दिवस झाले."

"मंग गाल फिरव," ती म्हणाली.

धुरींनी गाल फिरवला. दुसरी थप्पड पहिल्याहून मोठी होती. त्यांच्या ओठातून रक्त आलं. ते मागे सरले नाहीत, त्यांनी रक्त पुसलंही नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं, आणि एवढ्या वर्षांत या दोघांच्या इतक्या मारामाऱ्या पाहूनही मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

म्हातारी खाली बसली. तिला धाप लागली होती. मी तिला पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"हात हलवत होते का?" तिने विचारलं.

"दिसत नाही तसं," धुरी म्हणाले. "पडद्यावर नुसता ठिपका दिसतो."

"तुमाला नाय दिसला. त्यांना तर विमान दिसला असंल ना? एवढा मोठा."

"दिसलं असेल."

"मंग हलवले असतील," ती म्हणाली. तिची नजर आमच्यावर नव्हती, घरांच्या पलीकडे पाणी चमकत होतं तिकडे होती. "आमच्या माणसाचा आवाज लय मोठा होता. ओरडला पण असंल."